ग्रीक त्झात्झिकी घरी करताय? आधी पाणी काढायला शिका

मी अडीच वर्षं अथेन्सला होते. नवऱ्याचं काम पिरेअस बंदरातल्या शिपिंगच्या ऑफिसात आणि आमचं भाड्याचं घर पागरातीत, दुसऱ्या मजल्यावर. तिथे गेल्यावर दोन महिन्यांत मी आठ-दहा लोकांना जेवायला बोलावलं आणि ठरवलं की त्झात्झिकी घरीच करायची. दही, काकडी, लसूण, म्हणजे आपली कोशिंबीरच की, त्यात काय एवढं. संध्याकाळी सहाला केली, आठला लोक आले तेव्हा बाऊलमध्ये खाली दोन बोटं पाणी, वर काकडीचा कीस तरंगतोय आणि लसणीचा वास असा की दार उघडताच कळावं. मला फार वाईट वाटलं होतं त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंना सांगितलं (ग्रीकमध्ये बाईंना मानाने किरिया म्हणतात, आम्ही पण तेच म्हणायचो) तर त्यांनी मला सरळ स्वतःच्या स्वयंपाकघरात नेलं आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे काकडी किसून फडक्यात घालून माझ्या हातात दिली. पीळ म्हणाल्या. मी पिळली. अजून पीळ म्हणाल्या. असं चार वेळा.

त्यानंतर मी ती शेकडो वेळा केलीये, तिथे आणि आता इथे ठाण्यात आपल्या दह्याची, आपल्या काकडीची. मैत्रिणी सारखं विचारतात म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितेय. ज्यांनी कधीच केली नाही त्यांच्यासाठी आहे, म्हणून बारीकसारीक पण सांगणार आहे.

आधी नाव आणि नातेवाईक

नाव लिहायला अवघड पण मराठी माणसाला म्हणायला एकदम सोपं. आपण "जास्त" किंवा "जाळं" म्हणताना जो ज काढतो ना, तोच ज दोनदा म्हणायचा, जा-जी-की, "जीवन" मधला ज नाही. हिंदी किंवा इंग्रजी बोलणाऱ्यांना हा आवाज मुद्दाम शिकावा लागतो, आपल्या तोंडात तो आहेच. इंग्रजीच्या वळणाने लोक त्सात्सिकी म्हणतात, हॉटेलात चालून जातं. मी लिहिताना त्झात्झिकीच लिहितेय कारण शोधताना तेच सापडतं.

शब्द तुर्की भाषेतून आलाय, तिथे जाजिक म्हणतात. पण तुर्की जाजिक पातळ असतं, त्यात पाणी घालतात, वरून सुका पुदिना, आणि वाटीत घेऊन चमच्याने खातात. सायप्रसमध्ये तालातूरी, त्यात पुदिना हवाच. बल्गेरियात तारातोर नावाचं थंडगार सूप, त्यात अक्रोड आणि शेपू. इराणमध्ये मास्त-ओ-खियार. आणि आपल्याकडे कोशिंबीर आणि रायतं. सगळी एकाच घराण्यातली, पण ग्रीक बहीण सगळ्यात घट्ट. चमचा उभा राहिला पाहिजे इतकी घट्ट. म्हणून ह्या पदार्थात शिकायचं एकच आहे, पाणी काढायचं. दह्यातलं काढायचं, काकडीतलं काढायचं, आणि नंतर कुठूनही परत येऊ द्यायचं नाही.

साहित्य (चार-पाच माणसांना)

- घट्ट टांगलेलं दही ५०० ग्रॅम (साध्या दह्यापासून करणार असाल तर ते साधारण १ किलो लागेल)
- काकडी ३५० ग्रॅमच्या आसपास, एक मोठी किंवा दोन मध्यम
- लसूण, ग्रीसमध्ये असाल तर दोन पाकळ्या, आपली गावठी लसूण असेल तर तीन-चार छोट्या
- व्हिनेगर १ मोठा चमचा (रेड वाइनचं मिळालं तर उत्तम)
- ऑलिव्ह ऑइल ३ मोठे चमचे, वरून घालायला थोडं वेगळं
- मीठ, काकडीला चोळायला १ छोटा चमचा, बाकी चवीपुरतं
- शेपूची कोवळी पानं बारीक चिरून १ मोठा चमचा (ऐच्छिक)
- वर ठेवायला एखादं काळं ऑलिव्ह

भांडीकुंडी काय लागतील: जाड बाजूची किसणी, मोठी चाळणी, तिच्याखाली बसेल असं खोल पातेलं, मलमलचं किंवा पंच्याचं स्वच्छ फडकं (दोन घ्या, एक दह्याला एक काकडीला), खलबत्ता, आणि झाकणाचं काचेचं भांडं. मिक्सर लागत नाही. मिक्सर वापरूच नका, का ते पुढे सांगते.

वेळ: हाताचं काम अर्ध्या तासाचं, पण दही टांगणं आणि नंतर मुरवणं धरून आदल्या दिवशी सुरुवात करा. "दहा मिनिटांत त्झात्झिकी" असं कुणी सांगितलं तर ती दहा मिनिटांत होते हे खरं आहे, अकराव्या मिनिटाला तिला पाणी सुटतं.

१. दही

हा सगळ्यात मोठा भाग, इथेच सगळं ठरतं.

ग्रीसमध्ये राहत असाल तर काम सोपं. सुपरमार्केटमध्ये डब्यावर "स्त्रांगिस्तो" हा शब्द बघा, म्हणजे गाळलेलं, पाणी काढलेलं. त्यात २, ५, १० टक्के फॅट असे प्रकार असतात, त्झात्झिकीला १० टक्के घ्या, डाएटचा विचार दुसऱ्या दिवशी. एक फसायची जागा आहे. मातीच्या किंवा तशा दिसणाऱ्या भांड्यात वर जाड साय असलेलं मेंढीच्या दुधाचं दही मिळतं, त्यावर "पारादोसियाको" म्हणजे पारंपरिक लिहिलेलं असतं, आणि नवीन माणसाला वाटतं की पारंपरिक पदार्थ करायचाय तर हेच घ्यावं. मी पण तेच घेतलं होतं. ते दही अतिशय सुंदर लागतं, नुसतं मध घालून खा, पण ते गाळलेलं नसतं. सायीच्या खाली सैल असतं आणि त्यात पाणी असतंच. वापरायचंच असेल तर टांगावं लागेल, जसं किरियांची आई गावाकडे टांगायची, त्या कापडी पिशवीला तिथे त्सान्तिला म्हणतात. आपल्या चक्क्याच्या पंच्याचीच ग्रीक आवृत्ती.

इंग्लंड-अमेरिकेत असाल तर डब्याच्या मागची यादी वाचा. दूध आणि विरजण, एवढंच हवं. स्टार्च, जिलेटीन, दुधाची पावडर असं काही दिसलं की ते पाणी काढून घट्ट केलेलं नाही, काहीतरी घालून घट्ट केलंय. इंग्लंडमध्ये तर "ग्रीक योगर्ट" आणि "ग्रीक स्टाइल" ह्यात कायद्याने फरक आहे, त्यावरून खटला झाला आणि २०१४ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने पण मान्य केलं की ग्रीक योगर्ट म्हणजे ग्रीसमध्ये बनलेलंच. म्हणून बाकीच्या डब्यांवर "स्टाइल" शब्द दिसतो. भारतात ग्रीक योगर्ट म्हणून छोटे कप मिळतात त्यातले बरेचसे गोड आणि फळांच्या स्वादाचे असतात, प्लेन आहे का आणि साखर नाही ना हे बघूनच उचला.

आता आपल्या घरचं. आपल्याकडे ह्या बाबतीत शिकवायला काही नकोच, जो श्रीखंडाला चक्का टांगतो त्याला ग्रीक योगर्ट करता येतं. फक्त तीन फरक लक्षात घ्या.

एक, दूध म्हशीचं, फुल फॅट. ग्रीसमध्ये मेंढीच्या दुधाच्या दह्याला जो दाटपणा आणि स्निग्धपणा असतो तो गाईच्या टोन्ड दुधात येत नाही, म्हशीच्या दुधात बराचसा येतो. आणि ग्रीसमध्ये म्हशी नाहीत असं समजू नका, उत्तरेला सेरेसजवळ केर्किनी नावाचं तळं आहे तिथे म्हशी पाळतात आणि त्यांचं दही विकतात. तेव्हा म्हशीचं दही म्हणजे काही तडजोड नाही. दूध चांगलं उकळी येईपर्यंत तापवा आणि मंद आचेवर पाच-सात मिनिटं तसंच राहू द्या, त्याने दुधातली प्रथिनं दही धरताना जास्त घट्ट जाळं विणतात. मग बोट बुडवून सहन होईल एवढं कोमट, म्हणजे ४२-४३ अंश, झालं की विरजण लावा.

दोन, दही आंबट होता कामा नये. श्रीखंडाचा चक्का थोडा आंबट झाला तरी साखर सांभाळून घेते. इथे सांभाळून घ्यायला कुणी नाही, वर व्हिनेगर पण येणार आहे. म्हणून दही लागल्या लागल्या फ्रीजमध्ये, आणि टांगणं पण फ्रीजमध्येच. नळाला किंवा खुंटीला रात्रभर टांगायची आपली सवय आहे ना, ती मे महिन्यात मुंबई-ठाण्यात नका करू, सकाळपर्यंत चक्का फसफसतो. चाळणीत फडकं पसरा, दही ओता, फडक्याची टोकं वर दुमडा, चाळणी पातेल्यावर ठेवा आणि सगळं फ्रीजमध्ये.

तीन, किती वेळ. श्रीखंडाला आपण पार कोरडा करतो. इथे पाच-सहा तास बास. चमच्याने उचललं तर चमच्यावर बसून राहावं पण कापल्यासारखा तुकडा पडू नये. १ किलो दह्याचं अर्ध्याच्या आसपास उरतं. जास्त कोरडं झालंच तर घाबरू नका, निघालेल्या पाण्यातलंच एक-दोन चमचे परत घालून घोटा. डेअरीतला तयार चक्का पण चालतो, दसऱ्याला-पाडव्याला ताजा मिळतो, पण आधी चाखून घ्या आणि तो बहुतेक जास्त कोरडा असतो म्हणून दोन चमचे गोडं दही घालून सैल करा.

खाली जमलेलं पाणी फेकू नका. कणीक मळा, कढीत घाला, मी तर थालीपिठाचं पीठ त्यातच भिजवते.

२. काकडी

काकडीत ९५ टक्के पाणी असतं. हा आकडा डोक्यात ठेवला की पुढचं सगळं आपोआप समजतं.

ग्रीसमध्ये प्रत्येक वस्तीत आठवड्यातून एक दिवस रस्त्यावर बाजार भरतो, त्याला लाइकी म्हणतात, अगदी आपल्या आठवडी बाजारासारखा. तिथे काकडी मागताना लक्षात ठेवा की ग्रीकमध्ये काकडीला "आंगूरी" म्हणतात. हो, आंगूरी. द्राक्षांना स्ताफीली. मी पहिल्या आठवड्यात द्राक्षं मागत होते आणि बाई मला काकड्या भरून देत होत्या.

आपल्याकडे कुठली घ्यायची? गडद हिरवी, लांब, बिया नसल्यासारखी असते ती (भाजीवाले तिला इंग्लिश किंवा चायनीज काकडी म्हणतात) सगळ्यात सोपी. नेहमीची फिक्कट हिरवी काकडी पण चालते, मात्र कोवळी घ्या आणि उभी चिरून चमच्याने मधला बियांचा गर खरवडून टाका, कारण सगळ्यात जास्त पाणी त्या गरातच असतं. पावसाळ्यात कोकणातलं तवसं येतं त्याचं मी एकदा करून बघितलं, चव छान पण पाणी इतकं की अर्धा किलोच्या तुकड्यातून मूठभर कीस उरला. तवशाचं धोंडस करा, ते त्याच्यासाठीच आहे.

काकडी चाखल्याशिवाय किसू नका. कडूपणा देठाकडे जास्त असतो, तिकडचं इंचभर कापून टाका आणि मग टोकाचा आणि मधला असे दोन्ही तुकडे खाऊन बघा. एक कडू काकडी अर्धा किलो दही घालवते.

साल काढायची की नाही? किरिया पट्टे पट्टे ठेवून सोलायच्या, म्हणजे थोडा हिरवा रंग राहतो. जाड सालीची असेल तर पूर्ण सोला.

आता किसा, जाड बाजूने. बारीक किसली तर लगदा होतो आणि खाताना काकडी दातांखाली येत नाही. खमंग काकडीसाठी आपण कोचवतो तशी कोचवली तरी चालते, मला स्वतःला ती जास्त आवडते, पण सुरीवर हात बसलेला पाहिजे.

मग किसाला एक छोटा चमचा मीठ चोळा, चाळणीत ठेवा आणि वीस-पंचवीस मिनिटं विसरून जा. मीठ काकडीच्या पेशींमधलं पाणी बाहेर ओढतं. नंतर फडक्यात घालून पुरचुंडी बांधा आणि पिळा. एकदम सगळा कीस घेऊ नका, मूठ मूठ घ्या, म्हणजे नीट जोर लागतो. आता झालं असं वाटलं की फडकं उघडा, कीस हलवून सैल करा, परत बांधा आणि परत पिळा, दुसऱ्या वेळी जेवढं पाणी निघतं ते बघून चकित व्हाल. ३५० ग्रॅम काकडीचा निम्म्याहून कमी कीस उरला पाहिजे, हातात घेतला तर जेमतेम ओलसर, आपण भजीसाठी कांदा पिळतो त्याच्याही पुढे.

इथे सगळ्यांचा हात आखडतो. इतकं पाणी काढलं तर काकडीत काय राहील, सत्त्व जाईल, असं वाटतं. काही जात नाही, उलट चव एकवटते. आणि ते पाणी खारट असतं, भाकरीच्या पिठाला वापरा, मग पिठात मीठ घालू नका.

३. लसूण

लसणीचा अंदाज चुकला तर दुरुस्ती नाही, म्हणून सावकाश.

तिथली पाकळी आपल्या गावठी लसणीच्या दुप्पट मोठी असते आणि तिखटपणाला कमी. पुस्तकातल्या "दोन पाकळ्या" आपल्याकडे कशा मोजायच्या हा प्रश्न पडतो तर मी छोट्या तीन-चार घेते. पाकळी उभी चिरून मधला हिरवा कोंब असेल तर काढा, तो कडवट लागतो. मग खलबत्त्यात चिमूटभर मिठाबरोबर ठेचा, मीठ खडबडीत असेल तर काम पटकन होतं, आणि अगदी मलई होईपर्यंत ठेचत राहा, एकही तुकडा राहता कामा नये. दह्यात लसणीचा कच्चा तुकडा दाताखाली आला की तो घास तिथेच संपतो.

ठेचून झालं की त्याच खलबत्त्यात व्हिनेगर घाला आणि दहा मिनिटं ठेवा. लसणीचा तो नाकात जाणारा झणका पाकळी फुटल्यावरच तयार होतो, आख्ख्या पाकळीला एवढा वास नसतो हे आपल्याला माहितीच आहे. आंबट लागलं की ती क्रिया मंदावते आणि चव जरा मवाळ होते. किरियांना हे शास्त्र माहीत नव्हतं, त्यांच्या आईने सांगितलं म्हणून त्या करायच्या.

बाटलीतली तयार आलं-लसूण पेस्ट तर नाहीच, पण नुसती लसणीची पेस्ट पण नको, तिचा वास वेगळा असतो आणि दही तो लपवत नाही. आणि रात्रभरात लसूण चढते. आज जरा कमी वाटली तर उद्या बरोबर असते, आज बरोबर वाटली तर उद्या जास्त.

चातुर्मासात किंवा घरात लसूण चालत नसेल तर? मग ही करू नका, खरंच. बिनलसणीची करून समाधान होणार नाही, त्यापेक्षा आपली काकडीची कोशिंबीर तूप-जिऱ्याची फोडणी देऊन करा, ती तिच्या जागी परिपूर्ण आहे.

४. व्हिनेगर, तेल, शेपू

व्हिनेगर की लिंबू, ह्यावर ग्रीसमध्ये घराघरात वाद. मी ज्यांच्याकडून शिकले त्या व्हिनेगरवाल्या, आणि मला पण तेच पटतं कारण लिंबाची चव वेगळी उठून दिसते. पण आपल्याकडे किराण्यात जे स्वस्त पांढरं व्हिनेगर मिळतं त्याच्यावर बारीक अक्षरात सिंथेटिक लिहिलेलं असतं, चायनीज सॉसला ठीक आहे, इथे घशात लागतं. द्राक्षाचं किंवा सफरचंदाचं घ्या. गोव्यात असाल तर माडाचं व्हिनेगर मिळतं, मी वापरलंय, सुंदर लागतं, फक्त चमचाभराऐवजी पाऊण चमचा घ्या. ह्यातलं काहीच नसेल तर अर्ध्या लिंबाचा रस, वाईट अजिबात होत नाही.

ऑलिव्ह ऑइल एक्स्ट्रा व्हर्जिनच. आपल्याकडे "पोमेस" आणि "एक्स्ट्रा लाइट" असे डबे मिळतात ते तळणीसाठी असतात, त्यांना चवच नसते. इथे तेल कच्चं खायचंय, त्याला चव हवी. दुसऱ्या कुठल्या तेलावर भागवू नका, शेंगदाण्याच्या तेलात ती लगेच आपली होऊन जाते.

शेपू. ग्रीकमध्ये आनिथोस. आपल्याकडे मुलं ज्या भाजीला नाक मुरडतात तीच तिथे दह्यात, पालेभाजीत, माशावर सगळीकडे असते. आपला शेपू वासाला त्यांच्यापेक्षा उग्र आहे, म्हणून फक्त वरची कोवळी पिसासारखी पानं घ्या, देठ नको. धुऊन फडक्यावर पूर्ण कोरडी करा, इतकं पाणी काढल्यावर शेपूतून परत आत येऊ द्यायचं नाही. काही घरांत शेपू घालतच नाहीत, काही जण पुदिना घालतात. तिन्ही बरोबर.

ह्याच्यापुढे काही घालू नका. आपला हात सवयीने साखरेकडे जातो, दाण्याच्या कुटाकडे जातो, जिरेपूड, कोथिंबीर, हिरवी मिरची. हे सगळं घालून जे होतं ते चांगलंच लागेल, पण ती त्झात्झिकी नाही.

५. एकत्र करायचं

क्रम महत्त्वाचा आहे. लसूण-व्हिनेगरमध्ये तेल थोडं थोडं घालून खलबत्त्यातच घोटा, ते जरा दाटसर होतं. हे मिश्रण दह्यात घालून लाकडी चमच्याने हलक्या हाताने कालवा. मग पिळलेली काकडी मोकळी करून घाला. शेवटी शेपू. आणि मीठ सगळ्यात शेवटी, चाखून, कारण काकडीत मीठ आधीच आहे. मी सुरुवातीला दोनदा खारट केली ती ह्याच कारणाने.

मिक्सर किंवा बीटर का नको, तर घट्ट दह्याचं जे जाळं असतं ते पात्याने तुटतं आणि दही पातळ होतं, पाच-सहा तास टांगून केलेलं काम अर्ध्या मिनिटात वाया. काकडीचं पण पाणी होतं. रवीने पण घुसळू नका.

६. मुरू द्या

झाकण लावून फ्रीजमध्ये, कमीत कमी दोन-तीन तास, रात्रभर असेल तर सगळ्यात छान. केल्या केल्या चाखली तर दही वेगळं लागतं, काकडी वेगळी लागते, लसूण वेगळी. मुरल्यावर एकच चव होते. घाईत असाल तर हा टप्पा गाळायचा मोह होईल, तेव्हा दुसरं काहीतरी करा आणि ही उद्यासाठी ठेवा.

वाढायच्या आधी भांडं तिरकं करून बघा. चमचाभर पाणी सुटलं असेल तर ओतून द्या, हरकत नाही. वाटीभर सुटलं तर काकडी कमी पिळली गेली किंवा दही कमी टांगलं गेलं. त्या वेळी सगळी परत फडक्यात घालून फ्रीजमध्ये तासभर टांगा. थोडी लसूण-व्हिनेगरची चव पाण्याबरोबर जाते पण पदार्थ वाचतो.

७. वाढायची कशी आणि कशाबरोबर

पसरट ताटलीत काढा, चमच्याच्या पाठीने गोल खळगा करा, त्यात ऑलिव्ह ऑइल, मधोमध एक काळं ऑलिव्ह. तिथल्या ताव्हेर्नात, म्हणजे साध्या घरगुती खाणावळीत, अशीच येते, जेवणाच्या सुरुवातीला, सगळ्यांच्या मधे, पावाबरोबर.

तिथे गेलात तर एक सांगते. पिटामध्ये गुंडाळून जे यिरोस मिळतं त्यात त्झात्झिकी असतेच, पण मांस बहुतेक ठिकाणी डुकराचं असतं, चिकन हवं तर "कोतोपुलो" म्हणून आधी विचारा. शाकाहारी लोकांनी तळलेल्या झुकिनीच्या चकत्या मागवा, "कोलोकिथाक्या", आणि बरोबर त्झात्झिकी, पोटभर जेवण होतं. आणि ईस्टरच्या आधीच्या मोठ्या उपवासाच्या दिवसांत कुणा धार्मिक घरी जेवायला गेलात तर ही अपेक्षा करू नका, त्यांच्या उपवासात दूधदुभतं वर्ज्य. तेव्हा स्कोर्दालिया असते, बटाटा किंवा पाव, लसूण आणि तेल घोटून केलेली.

आपल्याकडे? वांग्याचे काप, रवा लावून तळलेले, ह्याच्याबरोबर मला काही कमी वाटत नाही. दुधी किंवा दोडक्याच्या चकत्यांची भजी. गरम ज्वारीची भाकरी, तिचा पापुद्रा मोडून त्यात घ्यायची. कबाब, कटलेट, तंदुरी काहीही. ग्रीसमध्ये गाव्रोस नावाचे बोटभर मासे कुरकुरीत तळून बरोबर खातात, आणि आपली मांदेली त्याच कुळातली आहे, तशीच तळली जाते, तशीच काट्यासकट खाल्ली जाते. मासे आणि दही एकत्र नको हे आपल्याकडे पुष्कळ घरांत पाळतात, माझ्या सासूबाई पण पाळतात, त्यांच्या पानात काप आणि आमच्या पानात मांदेली, असं आमचं चालतं.

किती टिकते

फ्रीजमध्ये झाकून तीन दिवस. दर वेळी कोरडा चमचा. उन्हाळ्यात टेबलावर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, छोट्या ताटलीत काढा आणि लागेल तशी भर घाला. फ्रीझरमध्ये अजिबात नको, बाहेर काढल्यावर दही फाटतं आणि काकडी चिंधीसारखी होते. पार्टीसाठी जास्त लागणार असेल तर आदल्या दिवशी दही टांगून लसूण-तेल घालून ठेवा, काकडी किसून पिळून वेगळ्या डब्यात, आणि निघायच्या तीन तास आधी एकत्र करा. डब्यातल्या काकडीला रात्रभरात परत थोडं पाणी सुटलेलं असेल, घालायच्या आधी अजून एकदा पिळून घ्या.